मास्टरवरचे कुंकू

गुरुवार, ३१ ऑक्टोबर १९८५. तीन लाख सत्त्याऐंशी हजार तीनशे चोवीस डॉलरचे बिल टाइप होऊन माझ्या टेबलावर आले होते. दोनशे बारा कपलिंग, दर नगाला एक हजार आठशे सत्तावीस डॉलर. बिलाला एकच कागद जोडायचा राहिला होता, तो म्हणजे तपासणीचा दाखला. त्यावर सही करण्याचा अधिकार त्या आठवड्यात आमच्या कारखान्यात मालक सोडला तर एकाच माणसाला होता, गेज रूममधल्या, म्हणजे मापे तपासायच्या खोलीतल्या, सुचित्रा देवस्थळीला.

साडेतीनच्या सुमारास ती आली. दाखला हातात होता, सहीची जागा कोरी होती. आत आल्यावर तिने दार लावून घेतले. अकरा वर्षांत तिने माझ्या खोलीचे दार कधी लावले नव्हते, आणि कामाच्या वेळात ती माझ्याशी मराठीत बोललीही नव्हती. बाकीच्यांना वाटतं आपण त्यांच्याबद्दल बोलतोय, असे तिचे म्हणणे असे.

"भाऊजी, हा कागद मला आज देता येणार नाही."

"सोमवारी जर्मन लोक येतायत, सुचित्रा."

"म्हणून तर आत्ता आले. मोजण्यात चूक झालीय. माझ्याकडून."

बस म्हटले तरी ती बसली नाही.

ग्रिग्ज कपलिंग हा आमचा कारखाना ओहायोतल्या कोलंबसच्या उत्तरेला, तिथल्या डब्लिन गावाहून वीस मिनिटांवर. माणसे चौसष्ट. मी तिथला हिशेबनीस. विमान जमिनीवर उभे असताना ट्रकमधून त्यात इंधन भरतात. ट्रकची नळी विमानाला ज्या तोंडाने जोडली जाते, ते तोंड, म्हणजे कपलिंग, आम्ही बनवत असू. अमेरिका आणि पश्चिम जर्मनी यांची लष्करी दोस्ती तेव्हा तीस वर्षांची झाली होती. भाषणे होत, संचलने होत, दोन्हीकडचे सैनिक एकत्र सराव करत. पण आमच्या एका जातीच्या विमानाला त्यांच्या एका जातीच्या ट्रकची नळी बसत नव्हती. मध्ये एक जोडतुकडा घालावा लागे, आणि तो नेमका दुसऱ्याच तळावर राहिलेला असे. दोन्ही हवाईदलांनी मिळून ठरवले की आता दोघांचे तोंड एकच असेल. त्यातली पहिली खेप आमची. ही पास झाली तर पुढे अठराशे नग. तीन वर्षांपूर्वी आम्ही एकोणीस माणसांना घरी बसवले होते. त्यांचे शेवटचे चेक मीच लिहिले होते, त्यामुळे अठराशे हा आकडा मला रोज आठवत असे.

सोमवारी, ४ नोव्हेंबरला, दोन्ही देशांचे अधिकारी येऊन माल ताब्यात घेणार होते. किमान दोनशे नग तयार पाहिजेत, नाहीतर उशिराच्या दर कामाच्या दिवसाला बिलाचा अर्धा टक्का कापला जाईल, असे करारात होते.

"काय चुकलं?" मी विचारले.

"मास्टरवर कुंकू होतं," ती म्हणाली.

मास्टर म्हणजे तळहातावर मावेल अशी पोलादाची चकती. तिचा व्यास म्हणजेच कपलिंगच्या तोंडाचा अचूक व्यास. रोज सकाळी मोजयंत्रात ही चकती ठेवून काटा शून्यावर आणायचा, आणि दिवसभर त्या शून्याशी ताडून एकेक नग बघायचा. दोन देशांनी एकच माप मानायचे ठरल्यामुळे हा मास्टर जर्मनीत करून घेतला होता. त्याची जोडीची चकती तिकडच्या कारखान्यात होती. आमची सप्टेंबरात आली, मखमलीच्या डबीत, दागिन्यासारखी.

आणि कुंकवाचे सांगायचे तर आधी सुचित्राचे सांगावे लागेल.

ती मूळची अंबरनाथची. वडील तिथल्या सरकारी कारखान्यात टूलरूमला होते. त्यांचा जुना मायक्रोमीटर घरी असे आणि लहानपणी ही त्याने केस मोजायची. आईचा, बहिणीचा, शेजारणीचा. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली. विनय देवस्थळीशी लग्न होऊन १९६७ साली कोलंबसला आली. विनय रस्ते खात्यात इंजिनिअर होता आणि माझा धाकट्या भावासारखा मित्र, म्हणून मी तिचा भाऊजी. मुलगी दीपा शाळेत जायला लागल्यावर मीच तिला आमच्याकडे पॅकिंगमध्ये लावून दिले. तिसऱ्या महिन्यात तिने एक नग खोक्यात न घालता बाजूला ठेवला आणि हा जाड वाटतो म्हणाली. फोरमन हसला. मोजल्यावर नग खरेच जाड निघाला. पुढच्या सोमवारपासून ती गेज रूममध्ये गेली ती तिथेच राहिली.

आमच्या मराठी मंडळात डॉक्टर आणि इंजिनिअर फार. एका गणपतीला एका डॉक्टरीणबाईंनी तिला विचारले होते, "तुम्ही नक्की काय करता हो?"

"मोजते."

"काय, पैसे?"

"ते हे मोजतात," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली. "मी काय मोजते ते माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही."

१९८१ च्या फेब्रुवारीत विनय दारातला बर्फ काढता काढता कोसळला. त्रेचाळीस वर्षांचा होता. चौदाव्या दिवशी सुचित्रा कामावर आली, कपाळ मोकळे ठेवून. कोणी काही विचारले नाही. तिथे विचारणारे कोणी नव्हतेच.

दर खंडेनवमीला मात्र ती शिफ्ट सुरू व्हायच्या आधी अर्धा तास येत असे. कॅमेऱ्याच्या रोलच्या दोन रिकाम्या डब्यांत हळद आणि कुंकू असे. उपकरणांच्या लाकडी पेटीला बोट लावायचे, हात जोडायचे, त्या दिवशी शक्य तेवढे कागदी काम करायचे. तिच्या वडिलांच्या टूलरूममध्ये सगळे असेच करत. जाता जाता माझ्या बेरजेच्या मशीनलाही ती एक बोट लावून जाई. कारखान्यात ही गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती.

"दर वर्षी तर पेटीला लावतेस," मी म्हणालो.

"ह्या वर्षीही पेटीला लावलं असतं तर काही झालं नसतं. पण तो नवा होता, भाऊजी. त्याची पहिलीच खंडेनवमी. नवी गाडी आली की आपण गाडीलाच लावतो ना, गॅरेजच्या दाराला लावतो का? चकतीच्या वरच्या अंगाला लावलं. मोजायच्या कडेला नाही लावलं, तेवढी अक्कल आहे मला."

"मग?"

"गंजू नये म्हणून त्याला तेल असतं. तेल सरकतं. त्याच्याबरोबर कण कडेवर आला. आज पाहुण्यांसाठी म्हणून भिंग लावून सगळं स्वच्छ करायला बसले तेव्हा दिसला. पुसला, पुन्हा शून्य लावलं, तर काटा चारने सरकला."

चार म्हणजे एका इंचाचे दहा हजार भाग केले तर त्यातले चार. ऐकायला काहीच नाही. पण कपलिंगला सूटच मुळी वर पाच आणि खाली पाच एवढी होती. कणामुळे मास्टर जाड भासला, म्हणजे त्याच्या तुलनेत नग बारीक भासले. जे जाड होते तेही बरोबर म्हणून पास झाले असणार. खंडेनवमी मंगळवारी, २२ तारखेला होती. त्यानंतर मोजलेले नग एकशे चाळीस.

"सगळ्यांत चार मिळवून टाक की. कागदावरच कळेल."

"नाही ना कळत. रोज चकती जशी बसेल तशी. कधी कण काट्याखाली आला असेल, कधी मागे राहिला असेल. कुठल्या दिवशी काय झालं ते आता देवालाही सांगता येणार नाही."

"पण तू तर रोज सकाळी स्पिरिटने पुसतेस त्याला."

तिने कागदाची कड बोटाने सरळ केली.

"पुसते. तेवढी जागा सोडून पुसत होते."

स्वतःच्या कपाळावरचे तिने चार वर्षांपूर्वी पुसले होते. हे तिला पुसवले नाही, एवढे मला कळले.

यानंतर मी जे बोललो ते इथे लिहिणे भाग आहे. मी म्हणालो, सोमवार जाऊ दे. चार म्हणजे काय, केसाचा कितवा तरी भाग. इंजिनिअर लोक नेहमी थोडे मार्जिन ठेवूनच आकडे देतात. चौसष्ट घरे आहेत. आणि सांगणारच असशील तर धूळ म्हण, कुंकू म्हणू नकोस.

"धूळ म्हटलं तर विचारतील, का नाही पुसली." तिने दाखल्याची घडी केली. "आणि मार्जिन म्हणताय ते कुठे आहे? ड्रॉइंगमध्ये नाही, मशीनवर नाही. सगळे म्हणतात पुढे सुचित्रा बघेल. त्यांनी ठेवलेलं मार्जिन म्हणजे मीच आहे."

"जाड नग बसला तर होईल काय? फार तर घट्ट बसेल."

"बसेल. सुटणार नाही. इंधन भरून झालं, विमानाला निघायचंय, आणि नळी सुटत नाही."

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघे ग्रिग्जकडे गेलो. वॉल्टर ग्रिग्ज तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. १९४५ मध्ये जर्मनीत त्याच्या मांडीत गोळी घुसली होती आणि तो पाय तो अजून ओढत चाले. आम्ही आत गेलो तेव्हा तो खुर्चीवर उभा राहून भिंतीवरचा जर्मन झेंडा सरळ करत होता. शेजारी आमचा आधीच लावून झाला होता.

सुचित्राने उभ्या उभ्या सगळे सांगितले. काही गाळले नाही.

"तू माझ्या मास्टरला काय लावलंस?"

"पावडर. लाल रंगाची. आमच्याकडे वर्षातून एकदा हत्यारांना लावतात. मान म्हणून."

"मान म्हणून." तो खुर्चीवरून हळूहळू उतरला. "मिसेस डी, ती चकती कशी बनवतात माहीत आहे? ती बनते त्या खोलीत माणसं श्वाससुद्धा जपून घेतात. आणि तू तिला मान म्हणून रंग फासलास."

"लावायला नको होतं. लावलं तर पुसायला हवं होतं. पुसलं नाही ही माझी चूक."

"का नाही पुसलंस?"

"पुसणं आमच्यात चांगलं मानत नाहीत."

"हे लिहू मी जर्मनांना? चांगलं मानत नाहीत म्हणून पुसलं नाही?"

"लिहायला हरकत नाही. खरं आहे."

ग्रिग्ज माझ्याकडे वळला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"काल दुपारी साडेतीनपासून."

"आणि मला आज साडेआठला कळतंय."

ग्रिग्ज खिडकीपाशी गेला. खाली अंगणात लाकडी पेट्या बांधून तयार होत्या, दोन्ही देशांची नावे त्यांवर रंगवलेली होती. तो बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मला वाटते, मी आदल्या दिवशी जे बोललो तेच तो तिथे मनात बोलून बघत असावा.

"चार?" त्याने न वळता विचारले.

"चार."

"म्हणजे प्रत्येक वेळी अडकेल असं नाही."

"नाही. कधी अडकेल, कधी नाही."

"हे त्याहून वाईट." तो वळला आणि हात पुढे केला. "गेज रूमची किल्ली."

तिने किल्ली टेबलावर ठेवली.

"या क्षणापासून तू सस्पेंड. पगार बंद. तुझं काय करायचं ते सोमवारनंतर बघू. घरी जा."

सुचित्रा दारापर्यंत गेली आणि थांबली. "एकशे चाळीस नग परत मोजायला लागतील. मोजणार कोण?"

दुसरा इन्स्पेक्टर अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी मंगळवारपासून हॉस्पिटलात होता. हे ग्रिग्जला माहीत होते, मलाही माहीत होते.

"पगार बंद आहे असं मी म्हणालो," ग्रिग्ज म्हणाला.

"ऐकलं मी."

"उद्या सकाळी सात वाजता. पेट्या मी उघडून ठेवतो. आणि ती पावडरची डबी घरी ठेवून ये."

त्या संध्याकाळी माझी पत्नी कांचन सुचित्राकडे डबा घेऊन गेली. मीही गेलो. दीपा तेव्हा सतरा वर्षांची होती, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अभ्यासाची पुस्तके पसरून बसली होती. आईने घरी सगळे सांगितलेले दिसले.

"यू टोल्ड देम अबाउट द कुंकू?" दीपा म्हणाली. "आई, सिरियसली? दे मस्ट थिंक वुई आर क्रेझी."

"वाटू दे. नग मोजून झाले की मग काय वाटायचं ते वाटू दे."

"अँड व्हॉट इफ दे फायर यू?"

"मग दुसरीकडे मोजीन."

तिचा आवाज स्थिर होता, पण पोळ्या वाढताना तिने माझ्या ताटात चार वाढल्या आणि स्वतःच्या ताटात एकही घेतली नाही, हे तिला कांचनने दाखवून द्यावे लागले. मग कांचनचा मोर्चा माझ्याकडे वळला.

"तुम्ही म्हणे हिला गप्प बस म्हणून सांगितलंत? अहो, दुधाच्या बिलात सात सेंट जास्त आले तर बर्फातून ड्राइव्ह करून दुकानात परत जाणारा माणूस तुम्ही! आणि हिला सांगता सही करून टाक?"

"चौसष्ट घरं आहेत, कांचन."

"आणि विमानात कोण बसतं, भुतं?"

"काकू, राहू दे ना," दीपा म्हणाली. मला तेवढा आधार पुरला.

शनिवारी सातला आम्ही तिघे गेज रूममध्ये होतो. ग्रिग्जने पेट्यांची झाकणे स्वतः उचकटली होती. रॉकेलच्या फडक्याने हात पुसून, हातमोजे घालून तो एकेक नग ट्रेवर आणून ठेवी. खोलीचे तापमान अडुसष्ट अंश फॅरनहाइटवर. बाहेरच्या थंडीतून आलेला नग तासभर तिथे ठेवल्याशिवाय मोजायचा नाही, कारण थंड धातू आक्रसतो आणि खोटे बोलतो. हे तिचेच शब्द. मास्टर स्वच्छ केलेला, भिंगाखाली आम्हा तिघांनी पाहिलेला, दुसऱ्या गेजशी ताडून घेतलेला. मी समोर वही घेऊन बसलो. नगाचा नंबर ती वाचे, तीन ठिकाणी मोजे, आणि "आत" किंवा "वर" एवढेच म्हणे. वर म्हणजे सुटीपेक्षा जाड, बाद.

हिशेब साधा होता. दोनशे बारातले बारा गेले तरी दोनशे उरतात आणि सोमवार निभावतो. तेरावा गेला की संपले. बाद नग घासून बारीक करावा तर तेही जमत नसे. त्यावर एक कडक थर चढवलेला असतो आणि तो घासला की नग वायाच जातो.

पहिले बावीस आत. तेविसावा वर. मी लिहिला. ग्रिग्जने तो नग उचलून वेगळ्या टेबलावर आडवा ठेवला. त्या दिवशी सत्तर नग झाले, पाच वर. दीड वाजता सुचित्रानेच काम थांबवले. डोळे थकले की काटा हवा तिथे दिसायला लागतो, असे ती म्हणाली.

"अजून दिवस बाकी आहे," ग्रिग्ज म्हणाला.

"दिवस आहे. डोळे नाहीत."

रविवारी सकाळी पुन्हा सात. साडेदहापर्यंत बादांचा आकडा आठ झाला, अकराला दहा. सव्वाबाराला बारा. तेव्हा ट्रेवर नऊ नग शिल्लक होते. ग्रिग्ज आता नग ठेवून मागे सरत नसे, तिथेच उभा राही. तिने एकदा मान न वळवता त्याला सांगितले की तुमच्या अंगाची ऊब काट्याला लागते. तो दोन पावले मागे गेला.

एक आत. आणखी एक आत. पुढचा तिने मोजला, फिरवला, पुन्हा मोजला. खाली ठेवला, हातमोजा बदलला, तिसऱ्यांदा मोजला.

"काय?" ग्रिग्जने विचारले.

"वर."

तो जवळ आला आणि वाकून बघू लागला. "रेषेवर आहे. रेषेवर म्हणजे आत."

"रेषेच्या वर आहे, मिस्टर ग्रिग्ज."

"मिसेस डी, मला काटा दिसतोय. तो रेषेला टेकलाय."

सुचित्रा उठली आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बसा. भिंगातून सरळ समोरून बघा, तिरकं नाही. तुम्हाला आत दिसला तर दाखल्यावर तुम्ही सही करा. मालकाची सही चालते, करारात आहे. हे सांगतील."

हे म्हणजे मी. चालत होती. करार माझ्या फायलीत होता.

ग्रिग्ज बसला. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. किती वेळ बघत होता ते मी घड्याळात पाहिले नाही. माझी पेन्सिल वहीवर टेकलेली होती आणि तिथे एक काळा ठिपका मोठा होत चालला होता.

"वर," ग्रिग्ज म्हणाला.

त्याने तो नग स्वतः उचलून आडव्या रांगेत नेऊन ठेवला. उरलेल्यांत आणखी एक गेला. बाद चौदा. शिल्लक एकशे अठ्ठ्याण्णव.

सोमवारी दहा वाजता पाहुणे आले. आमच्या हवाईदलाचा एक मेजर, दोन कारकून, आणि जर्मन सरकारचे तपासनीस लोरेन्झ, उंच, बारीक, हातात चामड्याची वही. त्यांनी बरोबर आपल्या ट्रकवरचे सॉकेट, म्हणजे कपलिंग ज्यात बसते ती खोबण, आणले होते. ते अंगणात लाकडी घोडीवर बसवले. ग्रिग्जने स्वागताचे भाषण खिशातच ठेवले आणि सरळ सांगितले की दोनशे नग नाहीत, दोन कमी आहेत.

"कारण?" लोरेन्झने विचारले.

ग्रिग्जने सुचित्राला बोलावले. ती तिथे कामावर नव्हती, म्हणून आदल्या रात्री फोन करून तिला साडीत नको, कामाच्या कपड्यांत ये, असे त्याने सांगितले होते. तिने तिसऱ्यांदा सगळे सांगितले. मेजरच्या मागचा एक कारकून हसला आणि मेजरने बघताच थांबला. लोरेन्झ हसला नाही. त्याने बाद नगांपैकी एक मागितला. तिने रांगेतला तेरावा आणून दिला.

लोरेन्झने तो सॉकेटमध्ये बसवला. खटका बसला. त्याने कळ ओढली आणि नग अलगद बाहेर आला. ग्रिग्जने माझ्याकडे पाहिले. लोरेन्झने पुन्हा बसवला, पुन्हा ओढला. पुन्हा बाहेर आला. मेजर म्हणाला, "मला तर हे चांगलं चाललेलं दिसतंय."

दोन दिवस, चौदा नग, अर्धा टक्का, आणि हे सगळे विनाकारण झाले असते तर सुचित्राला पुन्हा कोणी कामावर घेतले नसते. तिच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. तिचे हात मात्र तिने पाठीमागे धरले होते, आणि मी मागेच उभा असल्यामुळे बोटे पांढरी पडलेली मला दिसत होती.

लोरेन्झने तिसऱ्यांदा बसवला. कळ ओढली. नग हलला नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढली. घोडी हलली, नग नाही. मेजरने येऊन घोडी धरली, कारकून आला, तरी नाही. शेवटी ग्रिग्जने लाकडी हातोडा आणला आणि चौथ्या ठोक्याला तो निघाला.

लोरेन्झने वहीत पाऊण पान लिहिले. मग सुचित्राला विचारले, "पावडर कोणत्या दिवशी लावली?"

"बावीस ऑक्टोबर."

"आणि त्याआधीचे नग?"

"बहात्तर. ते खात्रीचे आहेत. तुम्ही म्हणाल तर तेही मोजते."

"मोजा," तो म्हणाला. "मी बसतो."

तो दुपारभर गेज रूममध्ये बसला. बहात्तरांतले त्याने वीस निवडले. वीसही आत निघाले.

त्या दिवशी माल गेला नाही. भिंतीवरचे झेंडे संध्याकाळी ग्रिग्जने उतरवून खणात ठेवले. दोन नवे नग तयार होऊन थर चढायला सहा कामाचे दिवस लागले. त्याबद्दल अकरा हजार सहाशे एकोणीस डॉलर बहात्तर सेंट बिलातून कापले गेले, आणि ते बरोबरच होते. खेप नोव्हेंबरच्या मध्यात विमानाने गेली. पुढची ऑर्डर मार्चमध्ये आली. अठराशेची नव्हती, चौदाशेची होती. उरलेले चारशे जर्मनांनी त्यांच्या कारखान्याला दिले. दोन्हीकडचे मास्टर दर तीन महिन्यांनी अदलाबदल करून ताडून पाहायचे, अशी एक अट लोरेन्झने त्यात घातली होती. ती अट पुढे दोन्ही हवाईदलांनी कायम केली. आमच्या कारखान्यातून कोणाला घरी जावे लागले नाही.

सुचित्राला १८ नोव्हेंबरला पुन्हा कामावर घेतले. मधल्या कामाच्या अकरा दिवसांचा पगार मिळाला नाही, तिने मागितलाही नाही. गेज रूमच्या दारावर ग्रिग्जने एक टाइप केलेली सूचना लावली की कोणत्याही उपकरणाला कोणत्याही कारणाने कोणताही पदार्थ लावू नये. किल्ली तिला परत मिळाली, पण मास्टरच्या कपाटाला दुसरे कुलूप आले आणि त्याची किल्ली ग्रिग्जकडे राहिली. काही महिने जेवणाच्या सुट्टीत लोक तिच्या टेबलाशी जरा कमी बसत. मग बसू लागले.

१९८७ मध्ये ग्रिग्जने कारखाना विकला. नव्या मालकांनी गेज रूममध्ये संगणक आणला. तो चालवायला शिकवण्यासाठी सुचित्राला तीन आठवडे डेटनला पाठवले. ती अजून तिथेच आहे. दीपा न्यू जर्सीत पिस्कॅटवेला कॉलेजात शिकते आणि सुट्टीत आली की आईला घेऊन आमच्याकडे जेवायला येते. मी पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होईन, म्हणून फायली नीट लावतो आहे.

त्या शनिवारी आणि रविवारी सुचित्राने साडेसहा-साडेसहा तास काम केले. सस्पेंड असल्यामुळे तिचे हजेरीचे कार्ड पंच झाले नव्हते आणि पगारपत्रकावर नावही नव्हते. मी तेव्हा तासाला नऊ डॉलर साठ सेंटच्या दीडपट दराने व्हाउचर केले होते. ग्रिग्ज बघू म्हणाला. नव्या मालकांनी जुन्या काळातली देणी अंगावर घेतली नाहीत.

तेरा तासांचे एकशे सत्त्याऐंशी डॉलर वीस सेंट कंपनीकडून सुचित्रा देवस्थळीला अजून देणे आहे.